पेट सिटिंगचा दर: आधी अडकलेला वेळ मोजा, मग आकडा सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्यांची कुत्री-मांजरं सांभाळायचं काम नुकतंच सुरू केलंय. आजूबाजूच्या सिटर्सचे दर एकमेकांशी जुळत नाहीत. कमी सांगितले तर राबून हाती काही उरत नाही, जास्त सांगितले तर 'घरी विचारून कळवतो' म्हणून लोक गायब होतात. आता एका कुटुंबाने पाच दिवसांसाठी विचारलंय. घरात अकरा वर्षांची कुत्री आहे, तिला दिवसातून दोनदा गोळी द्यायची आहे, शिवाय दोन मांजरं आहेत. किती सांगावेत?

पैशाचा आकडा मी सांगणार नाही, कारण तो गावागणिक बदलतो. पण तासांचा आकडा सांगता येतो, आणि तो एकदा हाती आला की पुढचा गुणाकार तुमचा तुम्ही करू शकता. या धंद्यात नवे लोक फसतात ते तासाचा दर चुकल्यामुळे कमी आणि तास मोजायला चुकल्यामुळे जास्त.

एक साधी अर्ध्या तासाची व्हिजिट घ्या. घरातून निघून पोचायला २० मिनिटं. कुलूप उघडेपर्यंत आतला कुत्रा दाराला पंजे मारत असतो. त्याला बाहेर नेणं, खाणं-पाणी, घरात कुठे शू झाली असेल तर पुसणं यात ३० मिनिटं जातात. मग पाय पुसा, भांडं धुवा, दिवे-पंखे बघा, कुलूप दोनदा ओढून बघा, फोटो पाठवा आणि 'आज शी घट्ट होती का?' याचं उत्तर द्या. ही झाली आणखी १० मिनिटं. परत यायला २० मिनिटं. एकूण ८० मिनिटं. तुम्ही पैसे लावले अर्ध्या तासाचे. म्हणजे मनात जो तासाचा दर धरला होता त्याच्या जेमतेम ३७-३८ टक्केच हाती पडले, पेट्रोल अजून वजा व्हायचंय. ग्राहकाने फसवलेलं नाही, घासाघीसही झालेली नाही. हिशोबच अर्धवट झाला.

म्हणून मी दर लावताना एकच गोष्ट विचारते: या कामासाठी माझा वेळ किती अडकला? अडकलेला म्हणजे ज्या वेळात मी दुसरं काम घेऊ शकत नाही, दुसरीकडे जाऊ शकत नाही, किंवा फोन बंद करून झोपू शकत नाही. प्राण्याला प्रत्यक्ष हात लागलेला वेळ हा त्याचा फक्त एक भाग आहे.

तासाचा दर कसा काढायचा ते आधी बघू. महिन्याला घरखर्चासाठी हातात जेवढे हवेत त्याला १०० धरा. धंद्याचा खर्च वेगळा: इंधन, फोन, विमा मिळत असेल तर त्याचा हप्ता, दोऱ्या, पट्टे, पिशव्या, शू-शीचे डाग आणि वास काढणारा एन्झाइमवाला क्लीनर, प्रथमोपचाराची पेटी, कधी फाटलेली पँट. समजा हे २५ झाले. कर आणि आजारपणाची तजवीज १५. झाले १४०. आता हे १४० किती तासांत कमवायचे? नवखा माणूस म्हणतो, आठवड्याचे ५० तास, महिन्याचे २००, म्हणजे तासाला ०.७. पण त्या २०० तासांचे सगळे पैसे कोणी देत नाही. चौकशीचे फोन आहेत, न जमलेल्या पहिल्या भेटी आहेत, दुपारचे रिकामे तास आहेत, आणि सुट्ट्यांचा हंगाम संपला की आठवडे ओस पडतात. प्रवास धरूनही महिन्याला १०० तास विकले गेले तर नव्या माणसासाठी चांगलंच म्हणायचं. मग तासाचा दर येतो १.४, म्हणजे मघाच्या बरोबर दुप्पट. हा दुपटीचा फरक पहिल्या महिन्यात दिसत नाही, कारण उत्साह असतो आणि जुनी बचत असते. सहाव्या महिन्यात दिसतो.

हा आकडा तुमचा तळ. याच्या खाली गेलात तर प्रत्येक बुकिंगमागे तुम्ही पदरमोड करता. बाजारातला दर यापेक्षा वर असेल तर बाजाराचा घ्या, त्यात संकोच कसला? तो खाली असेल तर लगेच तळ खरवडायला जाऊ नका, आधी प्रवास कापा. लांबचं एक घर घेण्यापेक्षा चालत जाण्यासारखी दोन घरं घ्या. एका वस्तीत लागोपाठ चार व्हिजिट असतील तर मघाचे ४० मिनिटांचे जाणं-येणं चौघांत वाटलं जातं. तुमचा दर तोच राहतो आणि कमाई जवळपास दीडपट होते. नवीन असताना 'सगळ्या शहरात सेवा' असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. मी तर ठरावीक अंतरापलीकडे गेलं की प्रवासाचे वेगळे पैसे लावते आणि ते बिलात वेगळ्या ओळीत दाखवते. बरेच जण ती ओळ बघून आपणच जवळचा कोणीतरी शोधतात. छानच आहे ते.

बाजारातला दर कळायला पाच-सहा जणांना विचारा, पण ग्राहक असल्याचं सोंग करून नको. सरळ सांगा की मी नवीन आहे, तुमच्याकडे गर्दी असेल तेव्हा काम माझ्याकडे पाठवा. जुने लोक बऱ्याचदा मोकळेपणाने बोलतात, कारण सुट्टीच्या दिवसांत त्यांना नाही म्हणावं लागलेले ग्राहक कुठेतरी पाठवायचेच असतात. फक्त आकडा विचारून थांबू नका. व्हिजिट किती मिनिटांची? दुसरा प्राणी त्यात धरलाय का? औषध? सणासुदीला वेगळा दर? रात्री म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? एकाचा दर दुसऱ्याच्या निम्मा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची व्हिजिटही निम्मी असते, किंवा तो एका वेळी दहा कुत्री घरात ठेवत असतो.

तुम्ही एखाद्या अ‍ॅपवरून काम घेत असाल तर तिथलं कमिशन दरात घालताना एक बारीक गफलत होते. अ‍ॅप २० टक्के कापत असेल आणि तुम्हाला हातात १०० हवे असतील तर १२० लावून भागत नाही. १२० चे २० टक्के म्हणजे २४, उरले ९६. लावायचे असतात १२५. शंभराला ०.८ ने भागायचं, एवढंच.

सगळे तास एका भावाचे नसतात, हेही लवकर लक्षात घ्या. कुत्र्यांना सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळातच सगळ्यांना बाहेर न्यायचं असतं. त्या दोन वेळांत तुम्ही किती घरं करू शकता? तीन, फार तर चार. तिथे तुमचा माल मोजकाच आहे, म्हणून त्या वेळेचा दर चढा असायला हरकत नाही. दुपारी बारा ते तीन तुम्ही रिकामेच असता, तिथे थोडं सैल सोडा. मांजराच्या मालकांना वेळेचं एवढं नसतं, तेव्हा मांजरं दुपारी घ्या. सकाळची वेळ मांजराच्या स्वस्त व्हिजिटने भरून टाकली आणि मग रोज फिरवायचा कुत्रा नाकारावा लागला, असं नको.

रात्रीच्या मुक्कामाचा दर हा नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ. काही जण बारा तास गुणिले तासाचा दर करतात आणि आकडा बघून स्वतःच दचकतात. काही जण 'झोपायचंच तर आहे' म्हणून दोन व्हिजिटच्या पैशात रात्र देऊन टाकतात. मी वेळेचे तीन भाव धरते. हातात काम असलेला वेळ पूर्ण दराने. जागी आहे पण नुसती त्या घरात बांधलेली आहे, तो अर्ध्या दराने. झोपेचा वेळ पाव दराने. संध्याकाळी सात ते सकाळी सात घ्या. सात ते दहामध्ये दीड तास काम, दीड तास नुसतं बसणं: १.५ अधिक ०.७५. दहा ते सहा झोप, आठ तासांचा पाव, म्हणजे २. सकाळचा एक तास काम, १. एकूण ५.२५ तास. बारा तासांच्या रात्रीचे सव्वापाच तासांचे पैसे. हे ग्राहकालाही पटतं आणि तुम्हालाही पुरतं.

आता याच घरात कुत्रीऐवजी तीन महिन्यांचं पिल्लू असेल तर? पिल्लं ढोबळमानाने जेवढ्या महिन्यांची तेवढे तास अधिक एक, इतकाच वेळ शू धरू शकतात. म्हणजे हे चार तासांवर बसत नाही. रात्री किमान एकदा, बहुधा दोनदा उठायचं, खाली न्यायचं, परत झोपवायचं, आणि ते 'परत' काही लगेच होत नाही. ती झोप पाव दराची राहत नाही, मी ती अर्ध्या दराने धरते. आठ तासांचे ४, मग रात्र ७.२५ तासांची. मालकाला हे असं उलगडून सांगितलं की 'पिल्लाचे जास्त का?' हा प्रश्न परत येत नाही. त्याला स्वतःला रात्री उठायचा अनुभव असतोच.

औषधांबद्दल लोक विचारतात, गोळीचे वेगळे पैसे घ्यावेत का. गोळी भरवायला किती सेकंद लागतात यावर ते ठरवू नका, ती गोळी तुमची वेळ किती बांधते ते बघा. जेवणात मिसळून, सकाळी कधीही दिली तरी चालणारी गोळी असेल तर मी काही घेत नाही. मधुमेही मांजराचं इन्सुलिन साधारण दर बारा तासांनी असतं. सुई टोचायला पाच सेकंद, पण सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशी दिवसाची दोन्ही टोकं बांधली गेली. शिवाय मांजराने त्या वेळी खाल्लंच नाही तर नेहमीचा डोस तसाच द्यायचा नसतो, आधी डॉक्टरांना फोन लावावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत तुम्ही तिथेच. फिट्सचं औषध चुकलं तर फिट येऊ शकते, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली ही सबब चालत नाही, पर्यायी माणूस तयार ठेवावा लागतो. याचे पैसे घ्यायलाच हवेत. आणि इंजेक्शन द्यायचा सराव नसेल तर जास्त दर लावून ते काम घेऊ नका, सरळ नाही म्हणा. दर वाढवून कौशल्य येत नाही.

दुसऱ्या प्राण्याचं गणितही याच कसोटीवर. एका घरात एक मांजर असो की दोन, जाणं-येणं तेच, कुलूप तेच, वाढला तो एक वाडगा आणि लिटरचा, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूचा, एक डबा. पाचवा हिस्सा वाढवा, पुरे. दोन कुत्रे एकत्र नीट चालत असतील तर पाव हिस्सा. पण ते एकमेकांवर गुरगुरत असतील, किंवा एक म्हातारा हळूहळू चालणारा आणि दुसरा ओढत नेणारा असेल, तर दोन वेगळ्या फेऱ्या होतात आणि फिरवण्याचा वेळ दुप्पट. 'दुसऱ्याचे वेगळे कशाला, तो तर एवढासा आहे' असं ऐकायची तयारी ठेवा. एवढासा असतो तोच सोफ्याखाली घुसून बसतो.

एका जागी मात्र मी पैशाचा विचार बाजूला ठेवते. मांजर आहे, तिला एक दिवसाआड येऊन बघा, तेवढेच पैसे वाचतील, असं बरेच जण सुचवतात. मी घेत नाही. मांजर दुखणं लपवते. बोक्याची लघवी अडकली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतावर येऊ शकतं. दोन दिवसांनी दार उघडून हे बघायची वेळ आली तर वाचलेले पैसे कोणाच्या कामाचे? रोज किमान एक व्हिजिट ही माझी अट आहे, आणि ती दराच्या बोलण्यात येऊच देत नाही. तसंच कुत्र्यांचं. मोठ्या निरोगी कुत्र्यालाही आठ तासांहून जास्त कोंडून ठेवायचं नाही, म्हणजे मुक्काम नसेल तर दिवसाला तीन व्हिजिट आल्याच. म्हणून कुत्र्यांसाठी व्हिजिटचा दर सांगू नका, दिवसाचा सांगा. व्हिजिटचा सांगितला की ग्राहक लगेच तीनाच्या दोन करायला बघतो.

स्वतःच्या घरी प्राणी ठेवायचा असेल तर प्रवास वाचतो, पण जागा जाते. तुमच्या घरात एका वेळी दोनच कुत्रे नीट राहू शकत असतील तर एक जागा म्हणजे तुमच्या त्या दिवसाच्या कमाईचा अर्धा भाग. ती एखाद्या अवघड, सतत भुंकणाऱ्या किंवा दुसऱ्यांना न चालणाऱ्या कुत्र्याने अडवली तर दुसरी जागाही रिकामी ठेवावी लागते, आणि तेव्हा त्याला दोन्ही जागांचे पैसे पडायला हवेत. लसीचं कार्ड बघितल्याशिवाय घरात घेऊ नका. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. एका स्वस्त पाहुण्यापायी घर धुऊन काढून पुढची सगळी बुकिंगं रद्द करावी लागतील.

आता तुमचं पाच दिवसांचं काम. घर तुमच्यापासून १५ मिनिटांवर आहे असं धरते. कुटुंब पहिल्या दिवशी सकाळची गोळी देऊन निघणार आणि पाचव्या दिवशी रात्री उशिरा परतणार. एक व्हिजिट ४५ मिनिटांची, कारण म्हातारी कुत्री घाई करत नाही आणि मांजरांचे दोन डबे आहेत. जाणं-येणं ३०, आवरणं-फोटो १०. झाली ८५ मिनिटं. पहिल्या दिवशी दोन, पुढचे चार दिवस तीन-तीन, एकूण १४ व्हिजिट. १४ गुणिले ८५ म्हणजे ११९० मिनिटं, जवळपास २० तास. तिन्ही प्राणी या ४५ मिनिटांत बसतात, म्हणून त्यांचे वेगळे पैसे लावायची गरज नाही. ते वेळेतच आले.

मुक्काम हवा असेल तर चार रात्री, प्रत्येकी ५.२५ तास, म्हणजे २१. चार रात्रींचं जाणं-येणं २ तास. पाच दुपारच्या व्हिजिट आणि शेवटच्या संध्याकाळची एक, सहा गुणिले ८५ मिनिटं, म्हणजे साडेआठ तास. एकूण साडेएकतीस. दोन्ही पर्याय तुमच्या तासाच्या दराने गुणून समोर ठेवा. एकच आकडा सांगितला की माणूस 'घेऊ की नको' असा विचार करतो, दोन सांगितले की 'यातला कुठला' असा करतो. मला विचाराल तर अकरा वर्षांच्या कुत्रीला रात्रभर एकटं ठेवण्यापेक्षा मुक्काम बरा, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगेन. पण व्हिजिटचा पर्याय लपवणार नाही.

दर सांगण्याआधी त्या गोळीबद्दल मात्र नीट विचारून घ्या. हृदयाची असेल तर त्यातली एक नेहमी दिली जाणारी गोळी जेवणाच्या साधारण तासभर आधी द्यायची असते. मग ४५ मिनिटांच्या व्हिजिटमध्ये गोळी आणि जेवण दोन्ही बसत नाही, आणि तुमचा सगळा हिशोब सकाळ-संध्याकाळ अर्ध्या-पाऊण तासाने सरकतो. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मालकाकडून लिहून घ्या, आपल्या अंदाजाने वेळ बदलू नका.

मेसेज साधारण असा करते: "नमस्कार, पाच दिवसांचे दोन पर्याय पाठवते आहे. पहिला, दिवसाला तीन व्हिजिट (पहिल्या दिवशी दोन), प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण इतके. दुसरा, रात्रीचा मुक्काम आणि दुपारची एक व्हिजिट (शेवटच्या दिवशी संध्याकाळचीही एक), एकूण इतके. दोन्हीत तिघांचं खाणं-पाणी, फिरवणं, लिटर, गोळी आणि रोजचे फोटो धरलेले आहेत. डॉक्टरांकडे न्यावं लागलं तर तिथला खर्च तुमचा आणि माझ्या वेळेचे तासाला इतके. निम्मी रक्कम आधी दिली की तारखा तुमच्या नावे धरते. रद्द करण्याचे नियम खाली दिलेत." यात 'तुम्हाला जमेल तसं' किंवा 'थोडं कमी-जास्त करू' हे शब्द नाहीत. ते तुम्ही लिहिलेत की घासाघिशीला तुम्हीच बोलावलंत.

तरीही समोरून 'काही कमी होईल का?' येतंच. तेव्हा दर धरून ठेवा आणि काम कमी करा. "इतक्यात बसवायचं असेल तर व्हिजिट ४५ ऐवजी ३० मिनिटांची करू, घरातल्या झाडांना पाणी घालणं मात्र त्यात बसणार नाही." काम तेच ठेवून पैसे कमी केलेत तर त्याचा अर्थ आधीचा आकडा फुगवलेला होता, असाच होतो.

नवीन असल्यामुळे सूट द्यायची असेल तर जरूर द्या, पण ती सूट आहे हे कागदावर दिसू द्या. बिलावर पूर्ण दर लिहा, खाली 'सुरुवातीची सवलत, अमुक तारखेपर्यंत' असं लिहून वजा करा. नुसताच कमी दर लावला तर ग्राहकाच्या डोक्यात तोच तुमचा खरा दर बसतो आणि चार महिन्यांनी मूळ दर मागितला की 'एकदम वाढवलेत' अशी तक्रार येते. आणि सवलत पंधरा-वीस टक्क्यांपुढे नको. निम्म्या दराला जो येतो तो स्वस्त म्हणून येतो, पुढे दर वाढला की दुसऱ्या नवख्याकडे जातो, आणि जाताना आपल्यासारखेच आणखी दोघे तुमच्याकडे पाठवून गेलेला असतो.

ओळखीपाळखीचं काय? शेजारी, नातलग, जुन्या ऑफिसातले. इथे भीड फार नडते. माझं मत: एक तर पूर्ण दर, नाही तर पूर्ण फुकट. फुकट केलंत तर ती तुमची आपुलकी, त्याची मर्यादाही तुम्हीच ठरवता. अर्ध्या पैशात केलंत की त्यांना वाटतं पैसे दिलेत, तुम्हाला वाटतं उपकार केलेत, आणि सोफा फाटला की दोघंही आपापल्या जागी बरोबर.

अ‍ॅडव्हान्स आणि रद्द करण्याचे नियम हा दराचाच भाग आहे, तो मागून सुचवायचा विषय नाही. सात दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण परत, त्यानंतर निम्मे, ४८ तासांच्या आत काहीच नाही, असं काहीतरी पहिल्याच मेसेजमध्ये जाऊ द्या. मोठ्या सुट्ट्यांना अ‍ॅडव्हान्स पूर्ण घ्या आणि दर सव्वा ते दीडपट ठेवा. त्या दिवसांत तुम्ही तुमच्या घरच्यांना सोडून दुसऱ्याच्या घरी असता, आणि रद्द झालेली तारीख तेव्हा ऐनवेळी कोणाला विकता येत नाही. पहिली भेट मी फुकट ठेवते, अर्ध्या तासाची, कारण तिथे मीही त्या प्राण्याला नाही म्हणू शकते. दुसऱ्यांदा 'आणखी एकदा येऊन बघाल का' झालं की ती साधी व्हिजिट, तिचे पैसे.

दर कधी वाढवायचे? लागोपाठ दोन महिने तुम्ही जागा नाही म्हणून लोकांना परत पाठवत असाल तर. किंवा विचारणाऱ्यांपैकी एकही जण कधी 'महाग आहे' म्हणत नसेल तर. दहातले दोघं-तिघं पैशावरून मागे फिरतात तो दर मला योग्य वाटतो. दहाच्या दहा मागे फिरत असतील तर मात्र लगेच दराला दोष देऊ नका. बऱ्याचदा खरी अडचण विश्वासाची असते: कोणाची शिफारस नाही, कामाचे फोटो नाहीत, चावी हरवली तर काय याचं उत्तर नाही. घराची किल्ली देताना माणूस दहा टक्के सूट बघत नाही. शेजारच्या दोन घरांकडून चार ओळींचा अभिप्राय घ्या, दर न बदलता फरक पडतो का ते बघा.

वाढ नव्या ग्राहकांपासून सुरू करा. त्यांना जुना दर माहीतच नसतो. जुन्यांना किमान महिनाभर आधी कळवा, आधीच ठरलेल्या तारखा जुन्याच दराने करा, आणि कारणांची यादी देऊ नका. पेट्रोल वाढलं, घरभाडं वाढलं असं लिहिलंत की समोरचा त्या कारणांशी वाद घालतो. "पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून रात्रीच्या मुक्कामाचा दर इतका असेल. तुमच्या या महिन्यातल्या दोन्ही तारखा आधीच्याच दराने आहेत." एवढंच पुरतं. एक-दोघं सोडून जातील. ते बहुतेक लांब राहणारे, सकाळी सातचीच वेळ हवी म्हणणारे निघतात, आणि ती सातची वेळ आठवडाभरात भरते.